ज्येष्ठमध काही औषध नाही

आमच्या मांजरीच्या तोंडाला सूज आली तेव्हा सौदीतल्या दम्माममध्ये तीन माणसं तिच्यावर उपचार करत होती. त्यातली दोघं त्या विषयाची शिकलेली होती. तिसरी मी, आणि तिघांत सर्वांत जास्त खात्री मलाच होती.

खात्री माझ्या स्वभावातच आहे. इथल्या एका भारतीय शाळेत मी अठरा वर्षं हिंदी शिकवलं. मी वर्गात शिरले की मागच्या बाकापर्यंत शांतता पसरायची. मुलं मला घाबरायची आणि मला ते आवडायचं, आता लपवण्यात काय अर्थ आहे? घरीही तसंच. नवरा अबकैकच्या तेलाच्या प्लांटवर मेंटेनन्समध्ये. पहाटे बसने जातो, संध्याकाळी दमून येतो, आणि घरातला शेवटचा शब्द माझा आहे हे त्याने लग्नानंतर वर्षभरातच मान्य करून टाकलं.

मांजर मुलीची. दुसरीत असताना शाळेच्या पार्किंगमधून दप्तरात घालून आणली होती. मी दोन दिवस आरडाओरडा केला, तिसऱ्या दिवशी मीच तिच्यासाठी बाजारातून मासळी आणली. दहा वर्षं ती मुलीच्या पायथ्याशी झोपली. मग मुलीचं बारावीचं वर्ष आलं आणि नेमकं त्याच हिवाळ्यात मांजर खाईनाशी झाली. ताटलीपाशी यायची, वास घ्यायची, एक घास तोंडात धरायची आणि किंचाळून लांब पळायची. जणू मासाच तिला चावला.

क्लिनिकमधला डॉक्टर सुदानचा, वयाने तरुण, बोलायला फार मऊ. त्याने तिचं तोंड उघडून मला दाखवलं. हिरड्या लालभडक, घशापर्यंत. तो म्हणाला, या आजारात मांजरीचं शरीर स्वतःच्याच दातांशी भांडण मांडून बसतं. तूर्त सूज उतरवायला स्टेरॉइडची गोळी देतो, पण बहुतेक सगळे दात काढावे लागतील.

"सगळे?" मी विचारलं.

"बहुतेक सगळे. दात नसलेली मांजरं चांगली खातात, मॅडम."

माझा विश्वास बसला नाही. मुलीचा बसला. तिने फोनवर सगळं वाचून ठेवलं होतं. पण आठवड्यावर बोर्डाची परीक्षा आलेली. मी सांगितलं, पेपर संपेपर्यंत ऑपरेशनचं नाव काढायचं नाही. ती रडली, मग डोळे पुसून मला म्हणाली, "ओके अम्मी. एग्ज़ाम तक आप देखो. बट प्रॉमिस मी, मुझसे कुछ छुपाना मत. उसको कुछ हुआ ना, तो मैं..." मी म्हटलं, "तू केमिस्ट्री बघ. मांजर माझ्याकडे लागली." असं मी जबाबदारी घेऊन मोकळी झाले.

आता दुसऱ्या उपचार करणारीबद्दल सांगते. आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये चिनी कुटुंब राहतं. नवरा धाहरानकडच्या एका बांधकामावर इंजिनियर, बायको घरी. दोन वर्षं आमचं नातं लिफ्टमध्ये हसण्याइतकंच होतं. मग एकदा मी तिला घावणे दिले, तिने ताटली परत देताना त्यात वाफवलेले पाव घालून दिले, आणि ताटली दोन्ही घरांत फिरायला लागली. बोलणं फोनमधून चालायचं. ती चिनीत बोलायची, फोन हिंदीत सांगायचा. फोनचं हिंदी ऐकून माझ्या अंगावर काटा यायचा, दर वाक्याला लाल पेन आठवायचं, पण अर्थ कळायचा.

मांजर आजारी आहे हे कळल्यावर ती चप्पल दाराबाहेर काढून आत आली आणि थेट फरशीवर बसली. तेव्हा मला समजलं की ही बाई तिच्या गावी जनावरांची डॉक्टर होती. कुत्र्यामांजरांना झाडपाल्याची औषधं आणि सुया, हेच तिचं काम. इथे ती नवऱ्याच्या इकाम्यावर, म्हणजे राहायच्या परवान्यावर, त्यामुळे काम करायची सोय नाही. दोन वर्षं ती बाई माझ्या समोरच्या दारामागे बसून नुसता स्वयंपाक करत होती. मला उगीचच तिच्या वतीने राग आला.

तिने मांजरीला हात लावायची घाई केली नाही. मांजर आपणहून मांडीशी आली तेव्हा तिने मागच्या पायाच्या आतल्या बाजूला दोन बोटं ठेवली आणि डोळे मिटून नाडी बघितली. मग जीभ पाहिली. मग प्रश्न. पाणी किती पिते? कुठे बसते, उन्हात की गार जागी? मी सांगितलं, हल्ली बाथरूमच्या फरशीवर पोट टेकून असते. तिने मान हलवली आणि फोन म्हणाला, "पेट में गर्मी है. गर्मी ऊपर चढ़ता है."

"चढ़ती है," मी म्हटलं, आणि मनात मात्र खूश झाले. उष्णता! माझी आई रत्नागिरीत हेच सांगायची. तोंड आलं, पोटात उष्णता झाली. म्हणजे एवढ्या लांबची बाई आणि माझी आई एकाच गोष्टीवर बोट ठेवत होत्या.

औषध द्यायला मात्र ती पटकन तयार झाली नाही. आधी डॉक्टरला विचारायचं, म्हणाली. तिने एका कागदावर यादी केली. मांजर काय खाते, कोणती गोळी, किती, कधी. सगळं लिहून झाल्यावर पेन तसंच हातात धरून तिने विचारलं, "और कुछ?"

"और कुछ नहीं," मी म्हटलं.

इथे मला थांबून एक गोष्ट कबूल करायला हवी. स्वयंपाकघरात त्या वेळी एका बशीत ज्येष्ठमधाचं पाणी होतं. आदल्या चार दिवसांपासून मी ते मांजरीच्या हिरड्यांना लावत होते आणि थोडं ड्रॉपरने पाजत होते. आमच्याकडे कुणाचं तोंड आलं, घसा बसला की ज्येष्ठमध उगाळायचं, हे ठरलेलं. दम्माममध्ये अत्ताराच्या, म्हणजे जडीबुटीच्या, दुकानात त्याचे ढीग मिळतात, पण मला आमच्याकडचंच लागतं. सुट्टीवरून परत येणाऱ्या कुणाच्या ना कुणाच्या बॅगेत माझं पार्सल असतंच. कोकम, सुके बोंबील आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या काड्या. ते घरातलं. ते औषधात कोण धरतं? डॉक्टरने "दुसरं काही देता का" विचारलं तर आमच्या घराण्यात कुणी हळद सांगितली नाही, काढा सांगितला नाही. सांगितलं तर डॉक्टर ओरडतो, हे एक. आणि सांगण्यासारखं त्यात आहेच काय, हे दुसरं. मी खोटं बोलले असं मला त्या वेळी खरोखरच वाटलं नाही.

शेजारीण माझ्याबरोबर क्लिनिकला आली. तिने आपल्या औषधात काय काय आहे ते इंग्रजीत लिहून डॉक्टरपुढे ठेवलं. डॉक्टरने प्रत्येक नाव वाचलं, दोन ठिकाणी प्रश्न विचारले, एक वनस्पती काढायला सांगितली. तिने काढली. तो म्हणाला, "चालेल, पण गोळी बंद करायची नाही, आणि दात काढणं टळेल असंही समजू नका." मग माझ्याकडे वळून त्याने विचारलं, "आणखी काही देताय?"

"काही नाही."

दुसऱ्या दिवशी मी औषध आणायला तिच्या घरी गेले. कपाटात बरण्याच बरण्या. मुळं, साली, वाळलेली फुलं. एका बरणीत पिवळट चकत्या दिसल्या. मी झाकण उघडून वास घेतला आणि ओरडलेच, "अरे, ये तो हमारा है!" ज्येष्ठमध. मला माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं. तीही हसली, पण लगेच बरणी माझ्या हातातून घेऊन तिने झाकण लावलं. फोन म्हणाला, "यह बिल्ली के लिए नहीं. उस गोली के साथ नहीं. दोनों मिलकर शरीर का नमक बिगाड़ते हैं."

मी मान डोलावली. पण माझं डोकं बघा कसं चालतं. मला वाटलं, हिच्या चकत्या चिनी, जाड, कडक असणार. माझ्या काड्या साध्या, आमच्याकडे पाळण्यातल्या पोरांना चाटवतात त्या. आणि शेजारीण तशी भित्रीच. परक्या देशात परवान्याशिवाय औषध देते म्हणून जपून वागते. तिने जे गाळलंय ते मी घालते, म्हणजे औषध पूर्ण होईल. हे मी मनात इतक्या शांतपणे ठरवलं की आज आठवलं तरी स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटते.

आणि गंमत म्हणजे मांजर सुधारली. पाच-सहा दिवसांत ती ताटलीपाशी यायला लागली, मऊ शिजवलेला मासा खायला लागली, बाथरूमची फरशी सोडून मुलीच्या पुस्तकांवर येऊन बसली. डॉक्टरला वाटलं गोळीचा गुण. शेजारणीला वाटलं तिच्या पुडीचा. मी दोघांना हसून धन्यवाद दिले आणि मनात म्हटलं, तुम्हाला काय ठाऊक. नवऱ्याला मात्र सांगितलं. "बघितलंत? सगळे दात काढायला निघाले होते." तो म्हणाला, "अगो, पण त्या चिनी बाईने नको म्हटलंन ना?" मी म्हटलं, "तुम्ही तुमचे व्हॉल्व सांभाळा." गुण येतोय म्हटल्यावर मी ज्येष्ठमध दिवसातून एकदाचं दोनदा केलं, मग तीनदा.

मुलीचा केमिस्ट्रीचा पेपर होता त्या सकाळी मांजर उठली आणि तिची मान उठली नाही.

ती उभी होती. चारही पाय जमिनीवर. पण हनुवटी छातीला टेकलेली. मी हाक मारली तर तिने डोळे वर केले, फक्त डोळे. पाऊल टाकलं तर मागचे पाय लटपटले. मी तिची मान हाताने उचलून धरली, हात काढला की पुन्हा खाली. मुलगी युनिफॉर्म घालून दारात उभी. "अम्मी, शी ओके?" तिने विचारलं. मी मांजरीच्या पुढे बसले, तिला दिसू नये अशी, आणि म्हटलं, "झोपलीय. यल्ला, निघ, बस जाईल." तिने माझ्याकडून काही न लपवण्याचं प्रॉमिस मागितलं होतं, आणि ते मी असं पाळलं.

मी समोरचं दार ठोठावलं. शेजारणीने मांजरीला एकदाच पाहिलं आणि पायात चपला सरकवल्या. आम्ही टॅक्सी पकडली. तिच्या हातात ती यादी होती.

डॉक्टरने रक्त घेतलं. थोड्या वेळाने बाहेर येऊन म्हणाला, पोटॅशियम फार खाली गेलंय, म्हणून मानेचे स्नायू काम करत नाहीत. आणखी खाली गेलं तर श्वासाचे आणि हृदयाचेही करणार नाहीत. पण एवढ्याशा गोळीने इतकं होत नाही. कारण कळलं नाही तर मी वरून भरत राहीन आणि ते खालून वाहत राहील. मग त्याने तोच प्रश्न विचारला, त्याच मऊ आवाजात. "आणखी काही दिलंत?"

आणि मी म्हटलं, "काही नाही."

तिसऱ्यांदा. मांजर टेबलावर, मान खाली, आणि मी उभी राहून काही नाही म्हणते. का? मला माहीत होतं ते. आत कुठेतरी टॅक्सीतच कळलं होतं. पण त्या दोन शिकलेल्या माणसांपुढे अठरा वर्षं पोरांना बाकावर उभं करणारी बाई मी, माझी जीभ वळेना. मला लाज वाटली, आणि लाजेपुढे मांजर लहान झाली. हे मला लिहायला अजूनही जड जातं.

शेजारीण मांजरीला थोपटत होती. तिचा हात हनुवटीखाली गेला तिथे थांबला. तिथली लव चिकट होऊन पिवळसर वाळली होती. तिने बोट नाकाशी नेलं. जन्मभर ती मुळं हुंगणारी बाई, तिला क्षणात कळलं. माझ्याकडे तिने पाहिलं. मी वाट बघत होते, आता बोलेल, आता डॉक्टरला सांगेल. मी तिच्या जागी असते तर चारचौघांत उभं करून विचारलं असतं.

तिने यादी टेबलावर ठेवली, पेनचं टोपण काढलं आणि पेन माझ्यापुढे धरलं. फोनसुद्धा काढला नाही. नुसती उभी राहिली, जणू तिला दिवसभर दुसरं काही काम नव्हतं.

मी पेन घेतलं. यादीच्या तळाशी लिहिलं. ज्येष्ठमधाचं इंग्रजी नाव मला येत नव्हतं, म्हणून अरबी दुकानातलं नाव लिहिलं, इर्क सूस. पुढे लिहिलं, दिवसातून तीन वेळा. किती दिवस, तेही लिहिलं. अक्षर वेडंवाकडं आलं.

डॉक्टरने वाचलं. "शुक्रन," एवढंच म्हणाला आणि कागद घेऊन आत धावला. ओरडला नाही. मी मात्र बाहेरच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून भर क्लिनिकमध्ये रडले. शेजारणीने पर्समधून रुमाल दिला. तो उकडलेल्या तांदळाच्या वासाचा होता.

दुपारी मुलगी घरी आली. पेपर चांगला गेला म्हणून उड्या मारत आली. मांजरीची जागा रिकामी. मी तिला खाली बसवलं आणि सगळं सांगितलं, सकाळचं खोटंही. मला वाटलं ती किंचाळेल. ती म्हणाली, "आइ आस्क्ड यू, अम्मी. एक ही चीज़ बोली थी." आणि खोलीत गेली. पुढचे तीन दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलली. ते तीन दिवस मी कुणाला काही शिकवायच्या लायकीची नव्हते, घरात इतकी शांतता मी आयुष्यात ऐकली नव्हती.

चौथ्या दिवशी क्लिनिकमधून फोन आला. आम्ही तिघं गेलो. मांजर पिंजऱ्यात बसली होती, पायाला पट्टी. मुलीने हाक मारली आणि मांजरीने मान उचलली. सावकाश, थोडी थरथरत, पण उचलली. नवऱ्याचा जीव भांड्यात पडला आणि तो भिंतीकडे तोंड करून नाक पुसायला लागला. मुलीने माझा हात धरला.

बाकी सगळं डॉक्टर म्हणाला तसंच झालं. परीक्षा संपल्यावर दात काढले, दोन सुळे सोडून. गोळी हळूहळू कमी केली. शेजारणीची पुडी डॉक्टरला विचारून पुन्हा सुरू झाली. अजून आठवड्यातून काही दिवस चालू आहे, आणि हिरड्या गुलाबी आहेत. कशाने किती गुण आला ते मला विचारू नका, त्या विषयात बोलायचा माझा हक्क मी गमावला आहे. दात नसलेली आमची मांजर मात्र पूर्वीपेक्षा दुप्पट खाते आणि फ्रिज उघडला की आधी हजर असते. फ्रिजवर ती यादी चुंबकाने लावलेली आहे. तिच्या खाली आता नवऱ्याच्या रक्तदाबाच्या गोळ्यांची यादी आहे. त्यात मी कढीपत्त्याचा रससुद्धा लिहिला आहे. नवरा हसतो, मी लिहिते.

मुलगी आता पुण्याला कॉलेजात. दर शुक्रवारी सकाळी व्हिडिओ कॉल येतो, आधी मांजर दाखवायची, मग बोलायचं. मागच्या शुक्रवारी आवाज घोगरा होता. "अम्मी, गला बैठ गया. वो ज्येष्ठमध वाला कैसे बनाते हो?"

माझ्या जिभेवर कृती तयार होती. पूर्वीची मी असते तर कृती सांगून वर दोन शब्द सुनावले असते, आइस्क्रीम खाल्लंस का, रात्री केस धुतलेस का. मी म्हटलं, "सांगते. आधी मला सांग, दुसरं काही घेतेस का?"

"नाही."

फार लवकर आलं ते नाही. मला ओळखीचं वाटलं. मी काही विचारलं नाही. मांजरीला मांडीवर घेतलं, फोन समोर टेकवला आणि बसून राहिले, जणू मला दिवसभर दुसरं काही काम नव्हतं. पडद्यावर मुलगी केस मागे सारत राहिली. खिडकीकडे बघितलं, पुन्हा माझ्याकडे.

"रागावणार नाहीस ना?" ती म्हणाली. मराठीत. लहानपणी घाबरली की ती मराठीत बोलायची.

"नाही."

"झोपेची गोळी. रूममेटकडून घेते. दोन महिने झाले. नाहीतर झोपच लागत नाही मला इथे, अम्मी."

माझ्या तोंडाशी केवढं तरी आलं होतं. सगळं गिळलं. मांजरीने मान वर करून फोनकडे पाहिलं, मुलीच्या आवाजाकडे.

"बरं," मी म्हटलं. "आणि अजून?"

मग पोरगी बोलायला लागली.